तीन दुकानं, एक जनरेटर

मंडळी, ‘सँडी’ म्हटलं की न्यू जर्सीतल्या आपल्या प्रत्येक घरात एक तरी गोष्ट निघतेच. कुणाच्या अंगणातलं झाड गाडीवर पडलं, कुणी आठ दिवस स्वेटर घालून झोपलं. माझी गोष्ट मात्र घराची नाही, दुकानांची आहे. आता पुन्हा दिवाळीच्या ऑर्डरी द्यायचे दिवस आलेत, म्हणून सांगावीशी वाटली.

सोमवार, २९ ऑक्टोबर २०१२. पौर्णिमा होती. भारतात त्या दिवशी कोजागिरी आणि इथे त्याच पौर्णिमेच्या मोठ्या भरतीत वादळ रात्री आठच्या सुमारास किनाऱ्यावर धडकलं. राज्यातले २५ लाखांहून अधिक वीजग्राहक अंधारात गेले. एडिसनला आमच्या गल्लीत पाणी शिरलं नाही, पण वीज गेली ती गेलीच. आणि लक्ष्मीपूजन होतं १३ नोव्हेंबरला, म्हणजे बरोबर पंधरा दिवसांवर.

आमच्या घराजवळ पाच-सहा दुकानांची एक ओळ आहे. त्यात एका गुजराती भाईंचं किराणा दुकान. त्याला लागून एका तमिळ अण्णांचं डोशाचं हॉटेल. तिसरं दुकान खरं म्हणजे दुकान नव्हतंच. आपल्यातल्याच एक काकू दिवाळीचा फराळ करून विकायच्या. घरच्या स्वयंपाकघरात करून विकायला न्यू जर्सीत तेव्हा परवानगी नव्हती (काही ठरावीक पदार्थांपुरती ती २०२१ साली मिळाली), म्हणून अण्णांचं हॉटेल रात्री बंद झालं की त्यांचं किचन काकू भाड्याने घ्यायच्या.

भाई आणि अण्णा यांचं दोन वर्षं बोलणं नव्हतं. कारण? पार्किंग! शनिवारी डोसा खायला येणारी मंडळी भाईंच्या दारात गाड्या लावतात, हे ते कारण.

मंगळवारी संध्याकाळी मी मेणबत्त्या आणायला गेलो, तर भाई टॉर्च घेऊन दर अर्ध्या तासाने डीप फ्रीझर उघडून बघत होते. दिवाळीसाठी नुकताच माल भरलेला. माझ्यातला इंजिनियर गप्प बसेना. म्हटलं, “भाई, उघडू नका! गच्च भरलेला फ्रीझर बंद ठेवला तर सुमारे ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला २४ तास.” मग आम्ही दोन अर्धे फ्रीझर एकात रिकामे केले आणि झाकणावर ब्लँकेटं टाकली. भाई म्हणाले, “एक फ्रीझर गयो तो नफो गयो. तीन गया तो दुकान गई.” हा हिशेब मी एम.एस.च्या कुठल्याही वर्गात ऐकला नव्हता.

बुधवारी भाईंच्या साडूने पेनसिल्व्हेनियाहून पाच किलोवॉटचा जनरेटर आणून दिला. आता अण्णांची अडचण बघा. त्यांच्याकडे गॅस चालू होता, शेगडी काडी लावून पेटत होती. पण हॉटेलच्या किचनमध्ये एक्झॉस्ट फॅन बंद असताना स्वयंपाक करता येत नाही. गॅस आहे, तांदूळ आहे, आचारी आहेत आणि केवळ एका पंख्यापायी हॉटेल बंद! काकूंची तऱ्हा त्याहून वाईट. साठ घरांच्या ऑर्डरी, आगाऊ घेतलेले पैसे सगळे बेसन-तुपात गेलेले आणि परत द्यायला हातात दमडी नाही.

शेवटी काकूच मध्ये पडल्या. दोघांना मागच्या दाराशी उभं करून म्हणाल्या, “तुमचं भांडण दिवाळीनंतर पुढे चालू ठेवा. आत्ता तुमच्याकडे यंत्र आहे, यांच्याकडे चूल आहे आणि माझ्याकडे गिऱ्हाईक आहे. एकट्याचं कुणाचंच भागणार नाही.”

ठरलं. जनरेटर मागच्या दारी, पण भिंतीपासून लांब, उघड्यावर ठेवला. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडने त्या वादळानंतर माणसं दगावली आहेत, हे विसरू नका. मी कागदावर लोड मांडून दिला. फ्रीझरचा कॉम्प्रेसर सुरू होताना चालू असतानाच्या कितीतरी पट करंट ओढतो, त्यामुळे सगळे एकदम लावले तर जनरेटर बसणार. म्हणून एक सुरू झाल्यावरच दुसरा. सकाळी आणि रात्री फ्रीझर, मधले तास अण्णांचा एक्झॉस्ट, रात्री दहानंतर दोन तास काकूंची कढई. एक्झॉस्टची जोडणी मात्र लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनने केली. तिथे मी माझी हुशारी चालवली नाही.

मग गंमत सुरू झाली. भाईंचे मटार आणि पनीर नरम पडायच्या आत अण्णांच्या पातेल्यात जाऊ लागले. गरम भात आणि उसळीचा डबा पाच डॉलरला भाईंच्या काउंटरवर मिळू लागला. ज्यांच्या घरी इलेक्ट्रिक शेगड्या होत्या, त्या मंडळींनी अण्णांना दुवा दिला. मद्रासी हाताची मटार उसळ मी तेव्हा पहिल्यांदा खाल्ली. कढीपत्ता जरा जास्त होता, पण गरम होती!

पुढची पंचाईत पेट्रोलची. पंपांच्या टाक्यांत पेट्रोल होतं, पण ते जमिनीखालून वर खेचायला वीज नव्हती. ३ नोव्हेंबरच्या दुपारपासून आमच्यासह १२ काउंट्यांत सम-विषमचा नियम लागू झाला. गाडीच्या नंबरचा शेवटचा आकडा सम तर सम तारखेला पेट्रोल, विषम तर विषम तारखेला. भाईंची व्हॅन विषम निघाली, अण्णांची गाडी सम. मग ज्या दिवशी ज्याला पेट्रोल, त्याने तिघांचा माल पोचवायचा. वेगवेगळ्या तीन फेऱ्यांची एकच फेरी झाली.

७ तारखेला बर्फ पडला आणि त्याच रात्री वीज आली. सम-विषम उठलं ते १३ तारखेला सकाळी, ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी! काकूंच्या साठातल्या चोपन्न घरी फराळ गेला. सहा जणांना त्यांनी पैसे परत केले. आमच्या डब्यात करंज्या कमी होत्या, पण कुणाची तक्रार करायची हिंमत झाली नाही.

२०२० साली १६ मार्चपासून राज्यातल्या हॉटेलांत बसून खाणं बंद झालं आणि २१ मार्चला घरी थांबायचा आदेश निघाला. तेव्हा या ओळीतल्या लोकांना नव्याने काही शिकावं लागलं नाही. अण्णांचं डोशाचं पीठ भाईंच्या फ्रीजमध्ये गेलं. अण्णांची वेटर मुलं भाईंच्या फोनवरच्या ऑर्डरी पिशव्यांत भरून गाड्यांच्या डिकीत ठेवू लागली. छोट्या धंद्यांसाठी सरकारने ठेवलेले ३४९ अब्ज डॉलर्स १६ एप्रिललाच संपले, नवे पैसे मंजूर व्हायला आठवडा गेला. पण अण्णांनी एकाही मुलाला घरी पाठवलं नाही, कारण निम्मे तास भाई त्यांना पगार देत होते.

हे सगळं छान आहे. आता जरा कडू बोलतो.

सँडीच्या त्या आठवड्यात कार्डाची मशीनं बंद, एटीएम बंद. भाईंनी एक साधी वही उघडली आणि ज्याच्याकडे रोख नाही त्याला नाव लिहून माल दिला. माझ्या नावावर ४३ डॉलर होते. पुढे वर्षभराने मी सहज विचारलं, तर भाईंनी वही दाखवली. चार नावं तशीच राहिली होती. त्यातली दोन आपली, मराठी. मला चेहरा लपवावासा वाटला. भाई म्हणाले, “जवा दो, भूल गया होगा.”

खरंच विसरले असतील. आपण सगळेच विसरतो. वीज असते तेव्हा तांदळाच्या पिशवीमागे दोन डॉलर वाचावेत म्हणून आपण मोठ्या गोडाऊनवाल्याकडे जातो. त्यात गैर काही नाही, मीही जातो. पण पुढच्या वादळात तो गोडाऊनवाला वही उघडणार नाही. ही छोटी दुकानं संकटात उपयोगी पडावीत असं वाटत असेल, तर एरवीही ती चालू राहायला हवीत.

तेव्हा या दिवाळीला फराळाची ऑर्डर जवळच्या कुणा काकूंना द्या. आणि एखाद्या वहीत तुमचं नाव राहिलं असेल, तर जाता जाता तेवढं खोडून घ्या.

पार्किंगचं भांडण? ते अजून चालू आहे. पण आता दोघं एकमेकांशी बोलून भांडतात.