सूक्ष्म सृष्टीचीं छायाचित्रें

मोठें दिसणें आणि स्पष्ट दिसणें ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. हें विधान वरवर पाहतां अगदीं साधें वाटतें. परंतु घरीं हौसेनें सूक्ष्मदर्शक यंत्र आणून त्यांतील देखाव्याचें छायाचित्र घेऊं पाहणाऱ्या माणसाच्या बहुतेक अडचणी ह्या एका भेदाकडे दुर्लक्ष झाल्यामुळें उत्पन्न होतात. यंत्राच्या खोक्यावर '१२०० पट' असें ठळक अक्षरांत छापलेलें असतें. मुलाच्या वाढदिवसाला तें घरांत येतें, पहिल्याच दिवशीं मोठ्यांत मोठें भिंग लावलें जातें, आणि दिसतो तो एक अंधुक, करडा डाग. पंधरवड्यानें यंत्र माळ्यावर जातें. पैसे गेले ह्याचें फारसें दुःख नाहीं. पण 'ह्यांत पाहण्यासारखें कांहीं नसतें' अशी जी समजूत मुलाच्या मनांत घर करून बसते, ती हानि मोठी होय. म्हणून ह्या छंदाचीं तांत्रिक अंगें घरांतील वडील माणसांनीं थोडींशीं समजून घेतलीं पाहिजेत.

पटीचा मोह

जर्मनींतील येना येथील अर्न्स्ट आबे ह्या शास्त्रज्ञानें १८७३ सालीं असें दाखवून दिलें कीं, भिंग कितीहि निर्दोष घडविलें तरी प्रकाश हा तरंगरूप असल्यामुळें त्याच्या साहाय्यानें दिसणाऱ्या बारकाव्यांना एक मर्यादा राहणारच. ही मर्यादा ओळखण्याची युक्ति सोपी आहे. वस्तूच्या लगत असणाऱ्या भिंगाला वस्तुभिंग म्हणतात. त्याच्या नळीवर '१०/०.२५' किंवा '४०/०.६५' असे आंकडे कोरलेले असतात. पहिला आंकडा पटीचा. दुसऱ्यास न्युमरिकल ॲपर्चर म्हणतात. वस्तूपासून निघणारा प्रकाशाचा शंकु भिंग किती रुंद गोळा करूं शकतें, हें तो सांगतो. खरी किंमत ह्या दुसऱ्या आंकड्याची आहे.

हिरव्या प्रकाशाच्या तरंगाची लांबी सुमारें ०.५५ मायक्रॉन असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ह्या लांबीला त्या दुसऱ्या आंकड्याच्या दुपटीनें भागलें कीं, दोन ठिपके निदान किती अंतरावर असले म्हणजे निरनिराळे दिसतील, तें कळतें. ०.२५ च्या भिंगास हें अंतर १.१ मायक्रॉन येतें, ०.६५ च्या भिंगास ०.४२, आणि तेलाचा थेंब घालून वापरावयाच्या १.२५ च्या भिंगास ०.२२ मायक्रॉन. ह्याहून सूक्ष्म असें कांहीं तें भिंग दाखवूं शकत नाहीं. अनुभवाचा नियम असा कीं, एकंदर वाढ त्या आंकड्याच्या पांचशें ते हजार पटींच्या आंत ठेवावी. ०.६५ च्या भिंगानें ६५० पटींपर्यंत जाण्यांत अर्थ आहे. तेथून पुढें वाढतो तो केवळ अंधुकपणा. वर्तमानपत्रांतील चित्र भिंगाखालीं धरलें असतां ठिपके मोठे होतात, पण चेहरा अधिक ओळखूं येत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार.

खोलीचा प्रश्न

दुसरी अडचण याहून चमत्कारिक आहे. गणपतीला वाहिलेल्या जास्वंदीच्या फुलांतून परागाचा एक कण कांचेवर झटकावा. तो सुमारें १५० मायक्रॉन व्यासाचा, चोहोंकडून कांटे असलेला गोळा असतो, आणि दहा पटींच्या साध्या भिंगांतूनहि फार देखणा दिसतो. परंतु छायाचित्र घेतलें कीं कांट्यांचें एकच कडें स्पष्ट येतें. बाकी सारें धुक्यांत. ह्यांत यंत्राचा दोष नाहीं. ०.२५ च्या भिंगास एका वेळीं सुमारें नऊ मायक्रॉन खोलीचाच थर स्पष्ट दिसतो, आणि ०.६५ च्या भिंगास तर जेमतेम सव्वा मायक्रॉनचा. म्हणजे भिंग जितकें अधिक बारकावे दाखविणारें, तितका त्याचा स्पष्ट थर पातळ. एका हातानें मिळवावें तें दुसऱ्या हातानें द्यावें लागतें.

यंत्राशिवाय, केवळ कॅमेऱ्याच्या भिंगानें मुंगी किंवा फुलाचा केसर जवळून टिपणाऱ्यालाहि हीच देवघेव करावी लागते. खोली वाढावी म्हणून तो भिंगाचें छिद्र लहान करीत जातो. पण वस्तु जेवढी तेवढीच तिची प्रतिमा सेन्सरवर पाडावयाची असतां एफ-१६ चें छिद्र प्रत्यक्षांत एफ-३२ सारखें वागतें. त्या स्थितींत प्रकाशाचा एक बिंदु सुमारें ४३ मायक्रॉन व्यासाच्या चकतीएवढा पसरतो. सेन्सरवरील एकेक घर पुष्कळदां चार-पांच मायक्रॉनचेंच असतें. तेव्हां खोली मिळते खरी, पण सगळेंच चित्र मऊ पडतें. एफ-५.६ ठेवल्यास ती चकती १५ मायक्रॉनांवर येते. बारकावा परततो आणि खोली जाते.

ह्या पेंचांतून सुटण्याचा मार्ग म्हणजे चित्रांची चळत. छिद्र मोकळें ठेवून, दर चित्रागणिक थोडें थोडें पुढें सरकत अनेक चित्रें घ्यावयाचीं, आणि प्रत्येकाचा स्पष्ट भाग तेवढा निवडून संगणकानें त्यांचें एक चित्र करावयाचें. थर नऊ मायक्रॉनचा असेल तर टप्पा सहाचा धरावा, म्हणजे एक थर दुसऱ्यावर थोडा चढतो आणि मध्यें फट राहत नाहीं. जास्वंदीच्या कणाचा वरचा अर्धा गोल ७५ मायक्रॉनांचा. त्यास तेरा चित्रें पुरतात. सूक्ष्म फिरकीच्या एका खुणेनें यंत्र किती मायक्रॉन सरकतें, हें यंत्राच्या माहितीपत्रकांत पाहून घ्यावें.

प्रकाश आणि स्थैर्य

चळतीनेंहि न सुधारणारे दोष बहुधा प्रकाशाचे असतात. यंत्राच्या टेबलाखालीं असलेल्या कंडेन्सरची पाकळ्यांची झडप हें नवशिक्याच्या हातीं सांपडलेलें दुधारी शस्त्र होय. ती मिटत नेली कीं चित्र ठसठशीत दिसूं लागतें, म्हणून तो ती मिटतच जातो; पण त्याबरोबर प्रकाशाचा शंकु अरुंद होऊन भिंगाची शक्ति वायां जाते, आणि प्रत्येक रेषेभोंवतीं खोटी किनार उमटते. नेत्रभिंग काढून नळींतून आंत पाहावें. तेथें प्रकाशाची जी गोल चकती दिसते तिच्या व्यासाचा सुमारें पाऊण भाग उजळ राहील इतपत झडप उघडी ठेवावी. दिव्याची तार चित्रांत न उमटतां प्रकाश सर्वत्र सारखा पडावा अशी जी पद्धति आउगुस्ट कोलर ह्यानें १८९३ सालीं प्रसिद्ध केली, ती आजहि जगभर प्रचारांत आहे. किड्याच्या चकचकीत पाठीवर मात्र प्रकाश वरून टाकावा लागतो. तेव्हां दिवा व किडा ह्यांच्यामध्यें ट्रेसिंग कागदाची नळकांडी उभी केली म्हणजे पांढरे डाग जाऊन खरा रंग दिसतो.

स्थैर्याविषयीं एवढेंच सांगतां येईल कीं, चारशें पटींनीं वस्तु वाढते तेव्हां हादराहि चारशें पटींनीं वाढतो. मिक्सर, पंखा, जिन्यावरील पावलें ह्यांपैकीं कांहींहि चित्र बिघडवूं शकतें. वरच्या मजल्यावरील हलत्या टेबलापेक्षां तळमजल्यावरची फरशी बरी. आणि बटण हातानें न दाबतां घटकायंत्रानें दाबवावें.

कॅमेरा जोडतांना

नुसता मोबाइल वापरावयाचा असल्यास नेत्रभिंगावर पातळ कागद धरून तो हळूहळू वर न्यावा. प्रकाशाचें वर्तुळ जेथें सर्वांत लहान होतें, तेथेंच मोबाइलचें भिंग आलें पाहिजे. अलीकडे किंवा पलीकडे गेल्यास चित्राभोंवतीं काळें कडें येतें. भिंग विकत घेतांना त्यावर '१६०' असा आंकडा आहे कीं आडव्या आठासारखें अनंताचें चिन्ह आहे, हें अवश्य पाहावें. पहिल्या जातीचें भिंग स्वतःच प्रतिमा तयार करतें. दुसऱ्या जातीस मध्यें आणखी एक भिंग लागतें, आणि तें काम २०० मिलिमीटरचें दूरचित्रणाचें भिंग पुष्कळदां चांगलें करतें. पुढें '०.१७' असेल तर तेवढ्या मिलिमीटर जाडीची आच्छादक कांच गृहीत धरलेली असते. मोठ्या पटीच्या कोरड्या भिंगास जाडी चुकली कीं धुकें आलेंच. कोंकणपट्टींत पावसाळ्यांत भिंगांवर बुरशी धरते, तेव्हां झाकणाच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्या घालून तीं ठेवावीं.

चित्र आणि सत्य

आतां एक प्रश्न उरतो. तेरा चित्रांतून जुळविलेलें चौदावें चित्र खरें मानावयाचें काय? हा वाद नवा नाहीं. अमेरिकेंत व्हर्माँट राज्यांतील जेरिको गांवीं विल्सन बेंटले नांवाचा एक शेतकरी राहत असे. वयाचीं वीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, १५ जानेवारी १८८५ रोजीं, त्यानें कॅमेरा सूक्ष्मदर्शकास जोडून हिमस्फटिकाचें छायाचित्र घेतलें. पुढें १९३१ सालीं मृत्यु येईपर्यंत त्यानें पांच हजारांवर स्फटिक टिपले. मात्र स्फटिक उठून दिसावे म्हणून तो कांचेच्या दुसऱ्या प्रतीवरील भोंवतालचा लेप चाकूनें खरवडून काढी, आणि त्याच्या काळींच ह्या रीतीवर आक्षेप घेण्यांत आला. त्यानें मूळ प्रती मात्र राखल्या होत्या. हौशी माणसानें त्याच्यापासून चिकाटीबरोबर हाहि धडा घ्यावा. संगणक केसांच्या गुंत्यांत नसलेले केस निर्माण करतो, कडांना खोटी प्रभा देतो. म्हणून मूळ चित्रें जपून ठेवावीं आणि किती चित्रें जुळविलीं तें खालीं लिहावें. '४०० पट' असें लिहिण्यापेक्षां मिलिमीटरचे शंभर भाग पाडलेली मोजकांच त्याच भिंगाखालीं टिपून चित्रावर मापाची रेघ काढावी. चित्र लहानमोठें केलें तरी रेघ त्याच्याबरोबर बदलते आणि खरें बोलते.

घरांत यंत्र नुकतेंच आलें असेल तर पहिला महिना दहा पटींचें भिंग सोडूं नये. मीठ, साखर, कांद्याचा पापुद्रा, तुळशीच्या पानाची पाठ आणि जास्वंदीचा पराग एवढी सामग्री त्यास पुष्कळ आहे. मुलाला आधीं डोळ्यानें पाहूं द्यावें, मग पेन्सिलीनें काढूं द्यावें, आणि कॅमेरा त्यानंतर हातीं द्यावा. कारण ज्यानें वस्तु एकदां हातानें रेखाटली आहे, त्याला छायाचित्रांत काय हरवलें तें कोणी सांगावें लागत नाहीं.