विषाणू : सजीव की निर्जीव?



घटक चाचणीत पाचवीला मी एक साधा प्रश्न टाकला होता. सजीव व निर्जीव असे वर्गीकरण करा. दगड, मांजर, कडुलिंब, खुर्ची हे नेहमीचे शब्द आणि जरा नवीन म्हणून 'विषाणू'. माझ्या उत्तरसूचीत विषाणू 'सजीव' मध्ये होता. एका मुलीने दोन रकान्यांच्या मधल्या रेघेवरच 'विषाणू' लिहिले. मी लाल पेनाने फुली मारली. पेपर वाटल्यावर ती म्हणाली, "बाई, दादाच्या आठवीच्या पुस्तकात तसंच आहे." घरी येऊन पुस्तक काढले. पोरीचे बरोबर होते. मग या विषयावर थोडे वाचन केले, ते इथे मांडते.

आधी शब्द बघू. 'व्हायरस' हा मूळ लॅटिन शब्द, अर्थ विष. आपला 'विषाणू' त्यावरूनच आला. 1892 मध्ये इव्हानोव्स्की या रशियन शास्त्रज्ञाने रोगट तंबाखूच्या पानांचा रस चिनी मातीच्या अतिशय बारीक गाळणीतून गाळला. या गाळणीतून जिवाणू पार होत नाहीत. तरी गाळलेल्या रसाने निरोगी झाडांना रोग झालाच. 1898 मध्ये हॉलंडच्या बायरिंक यांनी त्याला 'जिवंत संसर्गजन्य द्रव' म्हटले. म्हणजे सुरुवातीला मत सजीवाच्या बाजूने होते.

मग 1935 मध्ये अमेरिकेत वेंडेल स्टॅनली यांनी याच तंबाखूच्या विषाणूचे चक्क स्फटिक बनवले. मिठाचे किंवा खडीसाखरेचे बनतात तसे! ते स्फटिक पाण्यात विरघळवून पानावर चोळले की झाड पुन्हा आजारी. मांजराचे किंवा कडुलिंबाचे स्फटिक करून ते परत जिवंत करता येतील का? स्टॅनली यांना 1946 चे नोबेल मिळाले तेही रसायनशास्त्राचे. पुढे 1955 मध्ये याच विषाणूचे दोन भाग, म्हणजे आतले केंद्रकाम्ल आणि बाहेरचे प्रथिन, वेगळे करून पुन्हा एकत्र मिसळले. ते आपोआप जुळले आणि पुन्हा रोग पसरवू लागले.

आता सजीवांची लक्षणे लावून बघू.

पेशी : नाही. प्रथिनाचे कवच आणि आत केंद्रकाम्ल, एवढाच संसार. काहींना बाहेरून मेदाचे आवरण असते.
श्वसन, पोषण, उत्सर्जन : नाही.
वाढ : नाही. लहान विषाणू मोठा होत नाही. सुटे भाग तयार होतात आणि जोडले जातात.
पुनरुत्पादन : होते, पण फक्त दुसऱ्याच्या जिवंत पेशीत.
बदल : होतो. पिढ्यान् पिढ्या विषाणू बदलत जातात. कोरोनाच्या काळात नवनवीन प्रकार आपण सगळ्यांनीच ऐकले.

मुलांना मी असे सांगते. चिठ्ठीवर लाडवाची कृती लिहिली आहे. नुसत्या चिठ्ठीतून लाडू होत नाही. पण ती कुणाच्या तरी स्वयंपाकघरात गेली आणि तिथल्या माणसांनी आपले काम सोडून तिच्या बरहुकूम वागायला सुरुवात केली तर? शिवाय चिठ्ठीत शेवटी लिहिले आहे, 'माझ्या हजार प्रती काढा.' विषाणू ही तशी चिठ्ठी आहे. पेशी हे स्वयंपाकघर.

यावर एकाने विचारले, "बाई, मेथीचा दाणा पण डब्यात नुसताच पडून असतो की!" चांगला प्रश्न. पण दाण्यात स्वतःच्या पेशी असतात आणि मंद श्वसन चालू असते. पाणी मिळाले की तो स्वतः उगवतो. विषाणू पाण्यात कितीही ठेवला तरी एकाचा दोन होत नाही.

दुसरा प्रश्न याहून भारी होता. "विषाणू जिवंत नाही, तर साबणाने मरतो कसा?" खरे तर मरत नाही, मोडतो. कोरोनाच्या विषाणूला मेदाचे आवरण असते. साबण जसा ताटावरचा तेलकटपणा सोडवतो तसे ते आवरण फोडतो. म्हणून पुस्तकांत 'निष्क्रिय होतो' असा शब्द असतो. पोलिओच्या विषाणूला असे आवरण नसते, तिथे साबणपाणी त्याला हातावरून धुऊन काढते. गंमत म्हणजे पोलिओच्या तोंडावाटे द्यायच्या थेंबांना डॉक्टर 'जिवंत, पण दुर्बल केलेली' लस म्हणतात. म्हणजे शास्त्रज्ञसुद्धा सोयीप्रमाणे शब्द वापरतात.

वाद अजून मिटलेला नाही. 1992 मध्ये इंग्लंडमधल्या एका शीतकरण मनोऱ्याच्या पाण्यात अमिबामध्ये काहीतरी सापडले. आकारावरून तो जिवाणू वाटला. 2003 मध्ये कळले की तो प्रचंड मोठा विषाणू आहे. त्याला 'मिमीव्हायरस' नाव दिले. एवढा मोठा असूनही प्रथिने बनवायला त्याला अमिबाच लागतो.

पालकहो, हा प्रश्न फक्त परीक्षेपुरता नाही. सर्दी झाली की मागच्या वेळच्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या मुलांना दिल्या जातात. ही औषधे जिवाणूंची पेशीभित्ती किंवा प्रथिने बनवायची यंत्रणा बिघडवतात. विषाणूकडे यातले काहीच नाही, मग औषध बिघडवणार काय? सर्दी बहुतेक वेळा विषाणूंमुळेच होते. उलट विनाकारण घेतल्याने जिवाणू त्या औषधाला दाद देईनासे होतात. ती गोळी डॉक्टरांनी सांगितली तरच, आणि सांगितली तेवढीच.

शिक्षक मित्रांनो, वर्गात हा घटक घेताना फळ्यावर तिसरा रकाना जरूर आखा : 'सीमारेषेवर'. पेशीबाहेर निर्जीवासारखा, पेशीत सजीवासारखा, एवढे पाचवीला पुरे. मुलांना दोन्ही बाजूंनी कारणे मांडू द्या. तास कधी संपतो कळत नाही.

त्या मुलीचा पेपर मी परत मागून घेतला, फुली खोडून एक गुण वाढवला आणि वर्गासमोर सांगितले की चूक माझी होती. उत्तरसूचीही दुरुस्त केली आहे.