जांबोटीसाठी पिकअप : नवी की जुनी?

जांबोटी भागात पिकअप म्हणजे महिंद्रा बोलेरो, टाटा योद्धा किंवा अशोक लेलँड दोस्त. खानापूर तालुक्यातले हे गाव बेळगाव-चोर्ला-गोवा रस्त्यावर आहे. भाजीपाला भरून घाट उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक आणि क्लच सपाटीवरच्या गाडीपेक्षा लवकर झिजतात. रोज भाडे मिळत असेल तर नवी गाडी परवडते. हंगामापुरत्या कामाला हप्ते जड जातात.

जुनी पाहताना चकचकीत रंगावर जाऊ नये. इथल्या धुवाधार पावसात गंज धरतो तो हौद्याखाली, चेसीसच्या जोडांवर. तिथे वेल्डिंगचा ताजा डाग आणि एका बाजूला बसलेले पाटे दिसले, तर गाडीने झेपेल त्याहून जादा माल ओढला असे खुशाल समजावे.

कागद त्याहून महत्त्वाचे. मालवाहू गाडीचे पासिंग 8 वर्षांपर्यंत दर 2 वर्षांनी, पुढे दरवर्षी. एमएच-09 ची कोल्हापुरी गाडी स्वस्त दिसते खरी. पण ती कर्नाटकात 12 महिन्यांहून अधिक ठेवायची तर तिकडची एनओसी, केए-22 चा नंबर आणि इथला कर आलाच. हा खर्च धरूनच भाव करावा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरेपर्यंत इसारही देऊ नये.