ऑफस्टेडचा फोन आला, आता काय?

‘अगं, ऑफस्टेडचा फोन आला!’ इंग्लंडमधल्या मराठी बायकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एवढा एक निरोप पडायचा अवकाश, सल्ल्यांची रीघ लागते. भिंतींवर रंगीत तक्ते लाव. फाइल चांगली जाडजूड दिसू दे. देवघराला पडदा लाव, आणि त्या दिवशी फोडणी तेवढी देऊ नकोस. शाळा सुटल्यावर दोन-तीन तास मुलं सांभाळणाऱ्या चाइल्डमाइंडरला यातल्या बहुतेक गोष्टींचा काडीचा उपयोग नसतो. जिथे ती खरंच अडकू शकते, ते मात्र कुणी सांगत नाही. म्हणून नेहमी कानावर येणारे काही गैरसमज इथे एकेक करून घेऊ. ऑफस्टेड ही इंग्लंडमधली शाळा आणि बालसंगोपन तपासणारी सरकारी यंत्रणा, त्यामुळे नियम इंग्लंडचे आहेत. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये तपासणारी यंत्रणा वेगळी.

गैरसमज : शाळेनंतरच तर सांभाळायचं, त्याला नोंदणी कशाला?

वस्तुस्थिती : आठ वर्षांखालचं मूल पैसे घेऊन, स्वतःच्या घरी, दिवसाला दोन तासांपेक्षा जास्त सांभाळत असाल तर नोंदणी सक्तीची आहे. 2006च्या चाइल्डकेअर कायद्याने ती घातली आहे आणि नोंदणीशिवाय हे काम करणं गुन्हा आहे. शाळा सव्वातीनला सुटते, आई सहाला न्यायला येते. झाले की पावणेतीन तास!

नोंदणी कोणत्या यादीत, हेही महत्त्वाचं. मूल पाच वर्षांचं झाल्यानंतर येणाऱ्या 31 ऑगस्टपर्यंत ते ‘अर्ली इयर्स रजिस्टर’मध्ये मोडतं. तिथून आठव्या वाढदिवसापर्यंत ‘चाइल्डकेअर रजिस्टर’चा सक्तीचा भाग लागू होतो आणि आठच्या पुढे ऐच्छिक भाग. म्हणजे रिसेप्शनमधलं (शाळेच्या पहिल्या वर्षातलं) एखादं मूल जरी तुमच्याकडे येत असलं, तरी पहिल्या यादीचे नियम तुमच्या दारात आले. तपासणीची तयारी आपलं नाव कोणत्या यादीत आहे हे पाहण्यापासूनच सुरू होते.

गैरसमज : वरची श्रेणी मिळाली नाही तर नाव खराब होईल.

वस्तुस्थिती : फक्त चाइल्डकेअर रजिस्टरवर असलेल्यांना श्रेणी मिळतच नाही. अटी पाळल्या जातात की नाही, एवढाच निकाल लागतो. ‘नाही’ आलं, तर काय सुधारायचं ते कळवतात आणि प्रकरण गंभीर असेल तर कारवाई होते. नोव्हेंबर 2025पासून नर्सऱ्यांसाठी पाच पायऱ्यांची नवी रिपोर्ट कार्डं आली. त्यांचे तक्ते ग्रुपवर फिरताना दिसले, तर आधी ते आपल्या कामाला लागू आहेत का ते पाहावं.

रिसेप्शनचं मूल केवळ शाळेआधी-शाळेनंतर येत असेल, तर त्याला अक्षरं-अंक शिकवण्याचा सगळा अभ्यासक्रम तुम्ही राबवावा अशी अपेक्षा नसते. दिवसभर शाळेत बसून आलेल्या पोराला सोफ्यावर लोळू द्या. सुरक्षितता आणि देखभालीच्या अटींना मात्र सूट नाही.

गैरसमज : ते ठरावीक वर्षांनी येणारच; तोवर निवांत.

वस्तुस्थिती : फक्त चाइल्डकेअर रजिस्टरवर असलेल्यांपैकी दर वर्षी साधारण दहा टक्क्यांची नमुना तपासणी होते. त्यामुळे कुणाकडे वर्षानुवर्षं कुणी फिरकत नाही, तर कुणाचा नंबर लवकर लागतो. नेहमीच्या तपासणीआधी साधारणपणे पाच दिवसांच्या आत फोन येतो. मुलं कोणत्या दिवशी, किती वाजता असतात हे विचारायला. तक्रार किंवा काळजीचं कारण असेल, तर फोनशिवायही बेल वाजू शकते.

गैरसमज : फाइल जितकी जाड तितकं बरं.

वस्तुस्थिती : इथे थोडं थांबून समजून घ्यायला हवं, कारण दोन्ही याद्यांचे नियम वेगळे आहेत. अर्ली इयर्स रजिस्टरला लागू असलेल्या नियमांच्या चौकटीत चाइल्डमाइंडरला लेखी पॉलिसी ठेवण्याची सक्ती नाही. मात्र आपण कसं वागतो हे पालकांना आणि निरीक्षकाला नीट सांगता आलं पाहिजे. चाइल्डकेअर रजिस्टर मात्र दोन गोष्टी लेखी मागतं : मुलांच्या संरक्षणाची कार्यपद्धती आणि तक्रार हाताळण्याची कार्यपद्धती. दोन्ही साध्या इंग्रजीत, स्वतःच्या शब्दांत लिहिल्या तर उत्तम. विकत घेतलेल्या चाळीस पानी पॉलिसीतलं ‘आमचे सर्व कर्मचारी’ हे वाक्य निरीक्षकाने वाचलं आणि घरात तुम्ही एकट्याच असलात, तर पुढचा प्रश्न अवघड जातो.

त्याहून मोलाची असते रोजची हजेरी : मुलाचं नाव, आल्याची वेळ, गेल्याची वेळ. ती मुलं दारात बूट काढत असतानाच लिहायची. रविवारी बसून आठवड्याची भरलेली हजेरी लगेच ओळखू येते, कारण तिच्यात सगळी मुलं सगळे दिवस बरोबर 3:30 लाच आलेली असतात. खऱ्या आठवड्यात एक दिवस पाऊस असतो, एक दिवस कुणाचा तरी जम्पर वर्गात राहतो. हजेरीबरोबर अपघातांची नोंद, औषधांची नोंद, तातडीचे फोन नंबर आणि विम्याचा कागद हाताशी ठेवावा. बॅगेत तापाचं सिरप टाकून आईने शाळेच्या फाटकापाशी ‘पाचला एक चमचा द्या हं’ असं सांगितलं, तर तेवढ्यावर औषध द्यायचं नाही. आधी लेखी परवानगी घ्यायची आणि दिल्यावर वेळ नि मात्रा लिहायची.

गैरसमज : तपासणी माझी, घरच्यांचा काय संबंध?

वस्तुस्थिती : आपली माणसं सगळ्यात जास्त अडकतात ती इथे. मुलं ज्या घरात सांभाळली जातात, तिथे राहणाऱ्या, सोळा किंवा त्याहून जास्त वयाच्या प्रत्येकाची पडताळणी लागते. डीबीएस, म्हणजे गुन्हेगारी नोंदींची तपासणी, हा तिचाच भाग. नवरा आला, भाड्याने राहणारा दीर आला. नोंदणी केली तेव्हा लहान असलेला आणि आता सोळा पूर्ण झालेला आपला मुलगाही आला. त्याच्या वाढदिवसाचा केक सगळ्यांच्या लक्षात राहतो, ऑफस्टेडला कळवायचं राहून जातं. घरात सोळा किंवा त्याहून जास्त वयाचं कुणी राहायला आलं, तर शक्य तितक्या लवकर आणि जास्तीत जास्त 14 दिवसांत कळवावं लागतं.

मग पुण्याहून सहा महिन्यांसाठी येणाऱ्या सासूबाईंचं काय? ‘त्या तर पाहुण्या’ असं आपणच ठरवून मोकळं होऊ नये. तिकीट काढलं की ऑफस्टेडला विचारावं. पडताळणी झाल्याशिवाय मुलांना एक मिनिटही त्यांच्या भरवशावर सोडू नये. ‘आई, जरा बघता का, मी कोपऱ्यावरून दूध घेऊन येते’ यात आपल्याला काहीच गैर वाटत नाही. नियमाच्या नजरेत मात्र तेवढ्या वेळात ती मुलं पडताळणी न झालेल्या माणसाच्या ताब्यात असतात.

मोजणीतही घरचं मूल येतं. एका चाइल्डमाइंडरकडे एका वेळी आठ वर्षांखालची जास्तीत जास्त सहा मुलं असू शकतात, आणि तुमची स्वतःची सात वर्षांची लेक त्या सहांतली एक धरायची.

गैरसमज : मराठी बोललं, देवघर दिसलं, तर नापास.

वस्तुस्थिती : इंग्रजी पुरेसं यावं लागतं : नोंदी ठेवण्याइतकं, औषधावरच्या सूचना समजण्याइतकं, 999वर मदत मागण्याइतकं. त्यापलीकडे मुलांशी मराठी बोलण्यात काहीच वावगं नाही. उलट लहान मुलांना घरच्या भाषेची संधी मिळावी, असं अर्ली इयर्सची चौकटच सांगते. देवघरही असू द्या. पेटती समई आणि काडेपेटी मात्र मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा.

स्वयंपाकघराकडे मात्र बारकाईने पाहायला हवं. ब्रिटनच्या कायद्यात अ‍ॅलर्जी आणणारे 14 पदार्थ ठरवून दिले आहेत आणि त्यांतले बरेच आपल्या मिसळणाच्या डब्याच्या आसपास नांदतात. खिचडीतलं शेंगदाण्याचं कूट, चटणीतले तीळ, फोडणीतली मोहरी. डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं, म्हणजे तोही आला. मूल यायला लागण्याआधीच त्याची अ‍ॅलर्जी आणि पथ्यं पालकांकडून लिहून घ्या, आणि त्या दिवशीच्या पोह्यांत काय काय पडलंय हे विचारलं तर सांगता आलं पाहिजे. कोथिंबीर विसरलात तर चालेल, दाणे विसरून चालणार नाही.

मग तयारी करायची तरी काय?

निरीक्षक कागदांपेक्षा प्रश्नांवर जास्त वेळ घालवतात. मुलाच्या दंडावर वळ दिसला, तर कुणाला फोन कराल? शाळेच्या फाटकात एक मूल भेटलंच नाही, तर बाकीच्या चौघांना घेऊन काय कराल? आईऐवजी अनोळखी काका न्यायला आले तर? याची उत्तरं पाठ करून जमत नाहीत. स्थानिक काउन्सिलच्या बालसंरक्षण विभागाचा नंबर फ्रिजवर लावा, आणि तुमचं उत्तर घरातल्या कुणाला तरी एकदा मोठ्याने सांगून पाहा. अडखळलात, तर तेवढंच अजून ठरवायचं राहिलंय.

आणि शेवटी बेल वाजते. दारात हसऱ्या चेहऱ्याची बाई उभी असते. आपला मराठी हात लगेच दार सताड उघडतो, तोंडातून ‘या ना, चहा घेणार?’ निघायला लागतं. जरा थांबा. आत मुलं आहेत. आधी ओळखपत्र मागा, नाव वाचा, फोटो ताडून पाहा. तिला राग येणार नाही. अनोळखी माणसाला तुम्ही दारात थांबवता की नाही, हेही तिला पाहायचं असतं. चहा नंतर.