माळावरची धाव आणि उडाण

सोलापूरहून बार्शीच्या रस्त्याला लागले की वीसेक किलोमीटरवर नान्नज येते. गवताच्या माळावर काळविटांचा कळप चरत असतो. चाहूल लागताच एखादे काळवीट जागच्या जागी उंच उसळते, चारही पाय क्षणभर अधांतरी राहतात, आणि पाहता पाहता सारा कळप माळ ओलांडून जातो. ताशी ८० किलोमीटरच्या आसपास जाणारी ती धाव पाहताना वाटते, स्नायू त्या देहाला पुढे ढकलीत आहेत. वस्तुतः ढकलणे हे स्नायूला ठाऊकच नाही. त्याला केवळ ओढता येते.

स्नायूच्या आत प्रथिनांचे अतिसूक्ष्म तंतू एकमेकांवर सरकतात आणि स्नायू आखडतो. १९५४ मध्ये दोन स्वतंत्र संशोधकगटांनी ही गोष्ट उघड केली. आखडलेला स्नायू आपणहून पुन्हा लांब होत नाही. त्याला ताणण्यासाठी विरुद्ध बाजूचा जोडीदार लागतो. दंडाच्या पुढचा स्नायू कोपर वाकवितो, मागचा ते सरळ करतो. मात्र हाड नसेल तर या दोघांची ओढाताण व्यर्थ होय. स्नायूची ओढ जमिनीपर्यंत पोहोचविणारी तरफ म्हणजे हाड, आणि त्या तरफेचा टेकू म्हणजे सांधा.

ही तरफ मोठी विलक्षण आहे. दंडाचा स्नायू कोपरापासून जेमतेम चार-पाच सेंटीमीटरवर हाडाला जोडलेला असतो, तर तळहात त्याच्या सात-आठ पट दूर. म्हणून हातातील एक किलोचे वजन तोलताना स्नायूला सात-आठ किलोंइतकी ओढ द्यावी लागते. वरवर पाहता हा उघड तोट्याचा व्यवहार! परंतु बदल्यात स्नायू सेंटीमीटरभर आखडला की हात सात-आठ सेंटीमीटर फिरतो. बळ खर्ची घालून वेग विकत घेतला जातो.

काळविटाच्या पायात हाच सौदा पराकोटीला गेला आहे. त्याच्या मागच्या पायाचा जो सांधा उलट वाकलेल्या गुडघ्यासारखा दिसतो, तो गुडघा नव्हेच. ती त्याची टाच होय. खरा गुडघा वर पोटाजवळ आहे. म्हणजे हा प्राणी आयुष्यभर दोन बोटांच्या नखांवर उभा असतो, आणि तळपायाची हाडे जुळून लांबलेली असल्यामुळे तरफेचा हात आणखी वाढतो. जड स्नायू सगळे वर, धडाजवळ. खाली उरतात बारीक हाडे आणि स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोऱ्या, म्हणजे कंडरा. पाय जमिनीवर पडताच कंडरा ताणल्या जातात आणि उचलताना रबरासारख्या मूळ लांबीवर येत काही शक्ती परत देतात. पुढच्या पायांना तर हासळीचे हाडच नाही. खांद्याचे पाते केवळ स्नायूंनी धडाशी टांगलेले असते. त्यामुळे टांग लांब पडते आणि उडीवरून उतरतानाचा धक्काही स्नायूंतच जिरतो.

याच माळाचा दुसरा रहिवासी माळढोक. मीटरभर उंच, नराचे वजन १५ किलोंपर्यंत. उडणाऱ्या पक्ष्यांत इतके वजनदार थोडेच. त्याच्या पायाला मागचे बोट नाही, त्यामुळे झाडावर बसणे नशिबी नाही. चालावे ते माळावर आणि उडावे ते नाइलाजाने. पंख खाली ओढणारा स्नायू छातीवर असतो हे समजण्यासारखे आहे. आश्चर्य असे की पंख वर उचलणारा स्नायूही छातीवरच, त्याच्या खाली दडलेला असतो. त्याची कंडरा खांद्यातील एका भोकातून वर जाऊन पंखाच्या हाडावर उतरते. विहिरीच्या रहाटावरून दोर जावा तशी! ओढ खाली, पण पंख वर.

तरीही एक हिशेब या पक्ष्याच्या विरुद्ध जातो. देह सर्व बाजूंनी दुप्पट झाला, तर स्नायूचे बळ त्याच्या जाडीनुसार चौपट होते, वजन मात्र आठपट. चिमणी क्षणात वळते. माळढोकाला ते साधत नाही. त्यातच आफ्रिकेतील कोरी माळढोकांच्या अभ्यासात आढळले, की या पक्ष्यांना समोरचे फार अरुंद दिसते आणि उडताना मान खाली झुकवली की पुढचे दिसेनासेच होते. विजेची तार नजरेस पडते तेव्हा अंतर उरलेले नसते, आणि इतक्या वजनाला ऐनवेळी वळविण्याइतके बळ त्या स्नायूंत नसते.

सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये राजस्थान व गुजरातमधील माळढोकांच्या क्षेत्रातील तारा शक्य तेथे जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. मार्च २०२४ मध्ये सरसकट आदेश मागे घेऊन तो प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपविला गेला. देशभरात आता उरले आहेत सुमारे दीडशे माळढोक.

सोलापूरच्या माळढोकांची गोष्ट केवळ तारांची नाही. नांगराखाली गेलेले माळ आणि शिकार यांचाही त्यात वाटा आहे. १९७९ मध्ये येथे अभयारण्य झाले तेव्हा त्याचे कागदोपत्री क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होते; पुढे ते १,२२२ वर आले. नान्नजला जाणाऱ्यास काळवीट बहुधा दिसतेच. माळढोकासाठी मात्र दुर्बीण घेऊन पहाटेपासून बसावे लागते, आणि बहुतेक जण तो न पाहताच परततात.