सेवेला निघताना गोळ्यांचा डबा ज्याचा त्याचा

मुलगा अमेरिकेत, सून नोकरीवर, नातवंडे शाळेत. यवतमाळ, पुसद, वणीकडची निवृत्त मंडळी सहा महिने तिकडे राहायला जातात, तेव्हा दिवस कसा घालवावा हा प्रश्न पडतो. म्हणून काही जोडपी तिथल्या मंदिरात किंवा विपश्यना केंद्रात सेवा देतात. शेगावला सेवा केलेल्यांना यात नवल वाटणार नाही. हाताला काम, माणसांची सोबत आणि मनाचे समाधान ही उतारवयातली तीन उत्तम औषधे सेवेत एकत्र मिळतात. पण दिनक्रम बदलला की औषधांच्या वेळाही बदलाव्या लागतात, हे मात्र निघताना विसरले जाते.

विपश्यनेचे आचार्य सत्यनारायण गोयंका आणि त्यांच्या पत्नी इलायचीदेवी हे याचे मोठे उदाहरण. गोयंकाजी १९६९ साली ब्रह्मदेशातून भारतात आले आणि १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर शिबिरे सुरू झाली. २००२ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, एप्रिल ते ऑगस्ट हे दांपत्य मोटारीच्या फिरत्या घरात राहून उत्तर अमेरिकाभर हिंडले. गोयंकाजींची सुरुवात आजारातून झाली होती. अर्धशिशी इतकी तीव्र, की मॉर्फिनची सुई घ्यावी लागे. १९५५ साली ते ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तेव्हा केवळ डोकेदुखी घालवण्यासाठी येत असाल तर येऊ नका, असे त्यांना सांगण्यात आले. ही विद्या मनाच्या शुद्धीसाठी आहे, रोगनिवारणासाठी नाही, हा त्यामागचा विचार. आमच्या रुग्णांनीही तो लक्षात ठेवावा. सेवेने मन शांत होईल, पण रक्तदाबाची गोळी बंद करण्याचे ते कारण नव्हे.

केंद्रावरचा दिवस

दहा दिवसांचे एक शिबिर पूर्ण केलेल्यालाच तिथे सेवा देता येते. मोबदला नाही. पहाटे चारला घंटा होते, साडेसहाला नाश्ता, अकराला जेवण. सायंकाळी पाचला नव्या साधकांना चहा व फळे, तर जुन्या साधकांना फक्त लिंबूपाणी. सेवेकरी स्वयंपाकघर व साफसफाई सांभाळतात आणि सकाळी आठ, दुपारी अडीच व सायंकाळी सहा या सामूहिक साधनेला बसतात.

शिबिरात स्त्री-पुरुषांची राहण्याची व्यवस्था वेगळी असते, नवरा-बायकोचीही. आपल्याकडे "अहो, गोळी घेतली का?" हे विचारणारी घरातली बाईच असते. कितीतरी पुरुषांना आपल्या गोळीचे नावही ठाऊक नसते. "ती पांढरी, छोटी" एवढेच सांगतात. ती आठवण करून देणारी व्यक्ती तिथे पलीकडच्या इमारतीत असेल. म्हणून डबे दोन हवेत आणि आपापल्या गोळ्या दोघांना पाठ हव्यात.

मधुमेहींनी विशेष जपावे

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असतील आणि जेवणाची वेळ चुकली, तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. घाम, थरथर, धडधड, गोंधळल्यासारखे होणे ही लक्षणे. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावी. हा उपाय शुद्धीवर असलेल्यासाठीच. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नये, तातडीची मदत बोलवावी. संध्याकाळचे खाणे सोडण्याचा नियम मधुमेहीने परस्पर स्वतःला लावून घेऊ नये. व्यवस्थापकाला आजार आधी सांगावा, अर्जात लपवू नये. सेवा नाकारतील या भीतीने लपवलेला आजार ऐन वेळी दोघांनाही अडचणीत आणतो.

निघण्यापूर्वी

१. केंद्राचे वेळापत्रक घेऊन डॉक्टरांकडे जा आणि गोळ्यांच्या वेळा नव्याने लिहून घ्या. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ ते साडेदहा तास मागे असते. इन्सुलिनबाबत हे फार महत्त्वाचे.

२. औषधाचे मूळ नाव चिठ्ठीवर लिहून घ्या. आपल्याकडची कंपनीची नावे तिथे कळतीलच असे नाही. औषधे मूळ वेष्टनात, जवळच्या पिशवीत ठेवा.

३. विमानात अधूनमधून उठून चाला, पावले हलवा, पाणी प्या.

४. पहाटे उठताना दोन मिनिटे खाटेवर बसा, मग उभे राहा. आधीच रक्तदाबाची गोळी, त्यात झोपेची गुंगी, यामुळे चक्कर येऊन पडण्याचा धोका असतो.

५. गुडघे दुखत असतील तर साधनेला खुर्ची मागा. त्यात कमीपणा नाही.

६. जुना आजार विम्यात धरला आहे का आणि आपल्या व्हिसावर अशी सेवा चालते का, हे आधी विचारा.

जाण्याच्या आठवडाभर आधी एक परीक्षा घरीच घ्या. दोघांनी एकमेकांना न विचारता आपापल्या गोळ्या सात दिवस वेळेवर घ्याव्यात. एकही चुकली नाही, तर खुशाल सेवेला निघा.