लाकूड-लोखंडाच्या जोडीत सांभाळायचा तो सांधा

नांदेड-लातूरकडच्या नव्या घरांत हल्ली एक जोडी बरीच दिसते. काळ्या रंगाच्या चौकोनी लोखंडी पाइपांची चौकट आणि तिच्यावर सागाच्या फळ्या. टीव्हीचे युनिट, जिन्याच्या पायऱ्या, पोटमाळा, पुस्तकांचे कपाट, सगळीकडे हीच रचना. दिसायला सुबक आणि जागाही कमी अडते. अडचण वेगळीच असते. वेल्डर सोमवारी येऊन जातो, सुतार गुरुवारी. दोघांची कामे जिथे एकमेकांना भेटतात, तो सांधा मात्र कोणाच्याच जबाबदारीचा राहत नाही.

या सांध्याचे मोल मराठवाड्याला वेगळे सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला, तेव्हा लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांत हजारो माणसे झोपेतच गेली. मारक ठरले ते घरांचे वजन. मातीत रचलेल्या दोन-तीन फूट जाडीच्या दगडी भिंती आणि वर माळवदाचा मातीचा थर. हिशेब करून पाहा. दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद खोलीवर फूटभर जाडीची माती असेल, तर डोक्यावर सुमारे साडेचार टन ओझे असते. वस्तू जितकी जड, तितका भूकंपाचा धक्का तिच्यावर जास्त जोर लावतो.

त्या ढिगाऱ्यांतही अनेक ठिकाणी एक गोष्ट दिसली. भिंती कोसळल्या, पण खांब आणि तुळयांचे लाकडी खण उभे राहिले. जिथे सांधा निसटला, तिथे लाकूड चांगले असूनही छत खाली आले. म्हणूनच नंतरच्या मजबुतीकरणात माळवदावरची माती कमी करणे, भिंतीत आरपार दगड बसवणे आणि खांब-तुळईच्या कोपऱ्यात तिरके आधार देऊन ते पट्ट्या-खिळ्यांनी पक्के करणे, हे उपाय सांगितले गेले.

लाकडाला लोखंडाची साथ का लागते? लाकूड हलके आणि वजनाच्या मानाने बळकट असते. पण त्याची सहनशक्ती संपली की ते अचानक फुटते. साधे पोलाद आधी वाकते, मग तुटते. सांध्यातली पट्टी किंवा बोल्ट वाकताना धक्क्याची बरीच ताकद स्वतःत जिरवतो. आतल्या माणसाला बाहेर पडायला जी काही क्षणांची सवड मिळते, ती या वाकण्यातून.

मात्र दोघांचे स्वभाव वेगळे आहेत. तीन मीटरचा लोखंडी पाइप ३० अंशांनी तापला, तर जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. लाकडाला उष्णतेचे फारसे काही नाही, त्याला हवेतला ओलावा हलवतो. फूटभर रुंदीची फळी पावसाळ्यात फुगते, एप्रिल-मेच्या कोरड्या झळांत आकसते. हा फरक दोन-तीन मिलिमीटरचा असू शकतो. फळी दोन्ही कडांना घट्ट आवळली, तर ती मधोमध चिरते. त्यासाठी एका बाजूचे भोक गोल न ठेवता फळीच्या रुंदीच्या दिशेने लांबट ठेवावे आणि बोल्टखाली रुंद वॉशर घालावा. फळीला हलायला जागा मिळते, पकडही सुटत नाही.

दुसरा शत्रू गंज. हिरडा आणि हिराकस एकत्र करून पूर्वी काळी शाई बनवत. हिरड्यातले टॅनिन आणि हिराकसातले लोह यांच्यातली ती क्रिया. सागात आणि विशेषतः बाभळीत टॅनिन असते. ओल लागली की साध्या खिळ्याभोवती तसाच निळसर काळा डाग उमटतो. तो डाग म्हणजे आत खिळा झिजत असल्याची खूण. न्हाणीघर, गॅलरी, अंगण अशा ओलाव्याच्या जागी जस्ताचा मुलामा दिलेले किंवा स्टेनलेस स्टीलचे बोल्टच वापरावेत. पाइपाच्या वेल्डिंगवर रंगाआधी गंजरोधक प्रायमर लावला आहे ना, हे स्वतः पाहावे.

घरातल्या जिवांसाठी आणखी तीन गोष्टी. एक, उंच कपाट भिंतीला बोल्टने बांधा. पलंगाच्या डोक्याशी जड फळी टांगू नका. दोन, लोखंडी चौकटीत दिव्यांच्या वायरी फिरवल्या असतील, तर चौकटीला अर्थिंग द्या आणि घराच्या बोर्डात आरसीसीबी बसवा. पावसाळ्यात वायरीचे सोललेले एक टोकही जीव घेऊ शकते. तीन, उन्हात येणाऱ्या कठड्याचा हात धरायचा भाग लाकडाचाच ठेवा. पोलाद लाकडाच्या शेकडो पट वेगाने उष्णता वाहून नेते, म्हणून मे महिन्यात त्याच उन्हातला लोखंडी कठडा लहान मुलाच्या तळव्याला भाजतो आणि लाकडी नुसता गरम लागतो.

किल्लारीला तीन दशके उलटली, पण जमीन अजून अधूनमधून आठवण करून देते. २१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोली परिसरातल्या ४.५ तीव्रतेच्या धक्क्याने नांदेडकरही घराबाहेर आले होते. तेव्हा पुढच्या वेळी काम काढाल, तर पॉलिश आणि रंगाची निवड करण्याआधी एवढे करा. सुतार आणि वेल्डर यांना एकाच दिवशी बोलवा, समोरासमोर उभे करा आणि विचारा, ‘हा सांधा कोण बघणार?’

आणि जुने माळवद अजून वापरात असेल, तर अभियंत्याला एकदा वर चढून पाहू द्या.